तेल कुठे लावावे, कुठे लावू नये

कापडाच्या धंद्यात आमची उमर गेली. शिलाई मशीनला रोज दोन थेंब तेल, हा आमचा पहिला सबक. तेल जास्त झाले की डाग ग्राहकाच्या कपड्यावर पडतो, हा दुसरा. एकदा लग्नाच्या शेरवानीवर असा डाग पडला आणि तिची किंमत आमच्या गल्ल्यातून गेली.

हे आठवण्याचे कारण वेगळेच आहे. मुंबईत कांदिवलीच्या एका इमारतीच्या गच्चीवर कॅप्टन अमोल यादव यांनी सहा आसनांचे विमान बांधले. २०१६ साली ते मुंबईच्या ‘मेक इन इंडिया’ प्रदर्शनात मांडले गेले आणि २०१७ साली त्याची नोंदणी झाली. हे त्यांचे स्वतःचे विमान. परदेशात तर सुटे भाग पेटीत मागवून घरी विमान जोडणारे शौकीन पुष्कळ आहेत. अशा कामात हजारो स्क्रू आणि बोल्ट लागतात. तेव्हा प्रश्न येतोच की त्यांना तेल लावावे काय?

आमच्या हिंगोलीतील मिस्त्री म्हणेल, ‘लावा, सहज बसेल.’ विमानात हा जवाब धोक्याचा आहे. बोल्ट कसताना लावलेल्या जोरापैकी सुमारे नव्वद टक्के जोर घर्षणात जातो. जेमतेम दहा टक्के जोर बोल्टला ताणून भाग आवळून धरतो. तेल लावले की घर्षण घटते आणि तोच जोर बोल्टला कितीतरी जास्त ताणतो. पाव इंची, बारीक आट्यांच्या विमानी बोल्टला साधारण ५० ते ७० इंच-पाउंड जोर सांगितला आहे, तो स्वच्छ व कोरड्या आट्यांसाठी. तेल लावून तेवढाच जोर दिला तर बोल्ट आतून कमजोर होतो. वरून काहीच दिसत नाही, तुटतो मात्र आकाशात!

मग वंगण कुठेच नको काय? तसे नाही. झाकणांचे छोटे स्क्रू लॉकनटमध्ये घट्ट फिरतात आणि त्यांची डोकी खराब होतात. तिथे टोकाला जरासे मेण लावतात. साबण मात्र लावू नये. तो ओल धरतो आणि गंज चढतो. स्पार्क प्लगच्या आट्यांना खास लेप लागतो, तोही टोकाकडचे आटे सोडून. ऑक्सिजनच्या नळीच्या जोडाला तेल किंवा ग्रीस कधीही लावू नये, आग भडकू शकते.

व्यापारी बांधवांनो, यात आपल्यासाठीही नसीहत आहे. बाजारातला साधा बोल्ट दिसायला तसाच असतो, पण त्याच्या ताकदीची हमी देणारा कागद सोबत नसतो. आपल्या भागातील तरुणांनी आयटीआयमध्ये पाना धरायला जरूर शिकावे. त्याबरोबर पुस्तकात लिहिलेला आकडा पाहून हात थांबवायलाही शिकावे. खरा हुन्नर तोच. आम्ही तो शेरवानीचे पैसे भरून शिकलो. विमान बांधणाऱ्याला शिकण्याची दुसरी संधी मिळेलच असे नाही.