ख्रिस्ती जगण्याचे पैलू (भाग 9) : माफी न मागणाऱ्याला क्षमा

मागच्या आठवड्यात आपण पापनिवेदनाच्या संस्काराविषयी वाचलं. त्यावर जयपूरच्या मालवीय नगरातून एका मराठी भगिनींचं पत्र आलं. देवाकडून क्षमा कशी मिळते ते कळलं, असं त्या लिहितात. पण वडिलांच्या घराच्या वाटणीत सख्ख्या भावाने फसवलं, त्याचं त्याला आजही काही वाटत नाही, मग त्याला क्षमा करायची तरी कशी? आजचा भाग या प्रश्नासाठी.

देवाची क्षमा आणि आपण केलेली क्षमा या दोन गोष्टी येशूने कधी सुट्या ठेवल्या नाहीत. त्याने शिकवलेल्या प्रार्थनेत त्या एकाच वाक्यात येतात. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या 18व्या अध्यायात पेत्र त्याला विचारतो, भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा? सातच्या सत्तर पट, असं सांगून येशू लगेच एक दाखला देतो. राजाने ज्याचं दहा हजार तालान्तांचं कर्ज माफ केलं, तो चाकर बाहेर पडतो आणि शंभर दिनार देणं असलेल्या सोबत्याचा गळा धरतो. दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी आणि तालान्त म्हणजे साधारण सहा हजार दिनार. चाकराचं कर्ज असं सहा कोटी दिवसांच्या मजुरीएवढं होतं. प्रवचनांत या आकड्यावर भर असतो आणि शंभर दिनार चिल्लर असल्यासारखे बाजूला पडतात. मला ते खटकतं. शंभर दिवसांची मजुरी बुडाली तर गरिबाच्या घरात चूल पेटत नाही. तुमचं नुकसान झालंच नाही, असं येशू कुठेही म्हणत नाही.

पण दाखल्यातला सोबती निदान हातापाया पडतो. पत्रातला भाऊ तेही करत नाही. म्हणून इंदूरजवळ घडलेली एक हकीकत सांगतो.

सिस्टर राणी मारिया मूळच्या केरळमधल्या पुल्लुवळीच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगरला त्या आदिवासी शेतकऱ्यांमध्ये काम करत. बँकेचं कर्ज कसं मिळवायचं, बचत कशी करायची, आपला हक्क कसा मागायचा, हे त्यांनी लोकांना शिकवलं. सावकारांचा धंदा त्यामुळे बसू लागला. 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरला निघालेल्या बसमध्ये, प्रवाशांच्या देखत, समुंदर सिंह नावाच्या तरुणाने त्यांना चाकूने भोसकून मारलं. त्या 41 वर्षांच्या होत्या. हे काम त्याच्याकडून करवून घेणारे दुसरेच होते. त्याला जन्मठेप झाली. तुरुंगात असताना बायको सोडून गेली, मुलगा वारला. ज्यांनी आपल्याला पुढे केलं त्यांचा सूड घ्यायचा, एवढंच त्याच्या मनात उरलं होतं.

स्वामी सदानंद या नावाने ओळखले जाणारे एक ख्रिस्ती धर्मगुरू त्याला तुरुंगात भेटू लागले. आणि 2002 साली राखीच्या सणाला राणी मारियांची धाकटी बहीण, त्याच संघातल्या सिस्टर सेल्मी पॉल, इंदूरच्या तुरुंगात गेल्या आणि बहिणीच्या मारेकऱ्याच्या मनगटावर त्यांनी राखी बांधली. पुढच्या वर्षी त्यांच्या आई एलिस्वा आल्या. त्यांनी त्याचे हात हातात घेऊन त्यांचं चुंबन घेतलं, कारण त्या हातांना त्यांच्या लेकीचं रक्त लागलं होतं. शिक्षेत सूट मिळावी म्हणून घरच्यांनीच अर्ज केला. 2006 मध्ये तो सुटला, केरळला जाऊन त्या म्हाताऱ्या आईवडिलांना भेटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इंदूरला राणी मारियांना ‘धन्य’ घोषित केलं गेलं, तेव्हा तो तिथे हजर होता.

या हकीकतीतली राखी सगळ्यांना आठवते. मला मात्र 1995 आणि 2002 या दोन सालांमधलं अंतर सांगायचं आहे. सात वर्षं! क्षमा करायचं मनाने ठरवलं, तरी त्या माणसासमोर उभं राहायला एका धर्मभगिनीलाही एवढा काळ जावा लागला. म्हणून दुखावलेल्या माणसाला ‘तू ख्रिस्ती ना, मग सोडून दे’ असं बजावणारे नातेवाईक, क्वचित धर्मगुरूही, मोठा अन्याय करतात. मार खाणाऱ्या बाईला क्षमेच्या नावाने पुन्हा त्याच घरात पाठवणं तर पापच आहे.

क्षमा म्हणजे न्यायावर पाणी सोडणं नव्हे. ओडिशातल्या मनोहरपूरला जानेवारी 1999 मध्ये मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची फिलिप व टिमोथी ही दोन मुलं गाडीत जिवंत जाळली गेली. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केली, पण कायद्याचं काम कायद्याने करावं, हेही स्पष्ट सांगितलं. नंतरची काही वर्षं त्या बारीपद्यातच कुष्ठरुग्णांची सेवा करत राहिल्या.

तेव्हा ताई, भावाला क्षमा करूनही घरातला हिस्सा मागता येतो, गरज पडली तर कोर्टातही जाता येतं. समेट व्हायला दोघं लागतात आणि भाऊ तयार नसेल तर तो आज होणार नाही. क्षमेला मात्र तुम्ही एकट्या पुरता. त्याचं वाईट व्हावं ही इच्छा सोडायची, त्याचं नाव घेऊन प्रार्थना करायची, सुरुवातीला दात-ओठ खात का होईना. मिस्सामध्ये कम्युनियनच्या आधी शेजारच्याला हात जोडून शांती देतो, तेव्हा मनात भावालाही हात जोडून बघा. एखाद्या दिवाळीला जुना फोटो हाती येईल आणि राग पुन्हा उसळेल. त्याचा अर्थ आधीची क्षमा खोटी होती असा नाही. सातच्या सत्तर पट हा हिशेब वेगवेगळ्या अपराधांचा असतो तसाच एकाच अपराधाचाही असतो, असं मी समजतो. मनाला शांती मिळते ती बहुधा अशा कितव्या तरी खेपेला, आणि ती आल्याचं पुष्कळदा नंतरच ध्यानात येतं. रात्री झोप लागलेली असते, भावाचा विषय निघाला तरी जेवण गोड लागलेलं असतं.

पुढच्या आठवड्यात याचीच दुसरी बाजू पाहू : आपल्या हातून घडलेल्या चुकीबद्दल देवाने क्षमा केली, हे पटूनही स्वतःला क्षमा करता येत नाही, तेव्हा काय करायचं?