मावळातील मालमोटारीचे आयुष्य

‘जुने ते सोने’ ही म्हण आमच्या भागात दागिन्यांपेक्षा मोटारींनाच अधिक लावली जाते. कामशेतच्या बाजारात, वडगावच्या एखाद्या गॅरेजापुढे किंवा लोणावळ्याच्या मंडईबाहेर भाजीच्या गाड्या रिकाम्या होत असतात, तेथे क्षणभर उभे राहावे. हा वाद कानी पडतोच. एक म्हणतो, पूर्वीच्या गाडीचा पत्रा म्हणजे तवा होता, आताचा म्हणजे पापड. दुसरा म्हणतो, पूर्वी गाडीचा मालक घरात जितका झोपत असे, त्याहून अधिक गाडीखाली झोपत असे. दोघेही खोटे बोलत नाहीत, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

वाद करमणुकीचा असता तर आम्ही तो या व्यासपीठावर आणला नसता. परंतु दीड-दोन एकर इंद्रायणी भात, चार म्हशी आणि मुलाने काढलेले गुलाबाचे एक हरितगृह, एवढ्यावर ज्या घराचा संसार चालतो, त्या घरात गाडी ही घराच्या खालोखाल मोठी खरेदी असते. जुनी विकून कर्जाने नवी घ्यावी, की जुनीचेच इंजिन उघडून आणखी पाच वर्षे काढावी? निर्णय चुकला तर हप्ते फेडता फेडता म्हैस विकावी लागते. आणि दुसऱ्या बाजूने चुकला तर भरलेली गाडी घाटात दगा देते.

प्रथम या गाड्यांचे कूळ थोडक्यात पाहू. ‘टेम्पो’ हा आपल्या तोंडी इतका बसलेला शब्द मुळात हांबुर्गच्या फिडाल कंपनीच्या मोटारींचा छाप. त्या कंपनीच्या सहकार्याने १९५८ मध्ये बजाज टेम्पो स्थापन झाली, आणि तिच्या तीनचाकी गाड्यांमुळे हे नाव घरोघर पोहोचले. २००५ मध्ये कंपनीने आपले नाव बदलून फोर्स मोटर्स असे केले. शब्द मात्र राहिला, आणि आता कोणाच्याही कारखान्याची गाडी असली तरी ती टेम्पोच. दुसरे कूळ जीपचे. १९४७ पासून महिंद्रांनी मुंबईत विलीज जीपची जोडणी सुरू केली. डोंगराळ गावांतून तिच्या मागच्या बाकांची जागा पोत्यांनी केव्हा घेतली, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. ऐंशीच्या दशकात तिच्यात पूझो या फ्रेंच कंपनीचे डिझेल इंजिन आले, २००० साली बोलेरो आली आणि तिच्याच घराण्यातून आजचा पिकअप निघाला. तिसरे कूळ टाटांचे : १९८६ ची चारशेसात, १९८८ ची टाटामोबाइल आणि २००५ ची एस. या एसला लोकांनी ‘छोटा हत्ती’ असे नाव दिले. दोन सिलिंडर, ७०२ घनसेंटिमीटर आणि १६ अश्वशक्ती एवढ्या भांडवलावर पाऊण टन उचलण्यासाठी ती केली होती. आपण तिच्यावर काय काय लादतो ते पाहता नाव योग्यच आहे.

आता मूळ प्रश्न. तीस-पस्तीस वर्षांची गाडी अजून धावताना दिसते आणि आपण म्हणतो, पाहा, जुने काम कसे पक्के! येथे तर्काला एक खड्डा आहे. कार्ल्याच्या चैत्यगृहात वर मान करून पाहिले, की छताला लाकडाच्या कमानी दिसतात. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे ते लाकूड अजून टिकून आहे. म्हणून त्या काळचे लाकूड कुजतच नसे, असे कोणी म्हणेल काय? त्याच काळी मावळात जी लाकडी घरे उभी होती, त्यांचा आज मागमूस नाही. जे कुजले ते दिसत नाही, जे उरले तेच डोळ्यांपुढे असते. मोटारींचेही तसेच. १९९० च्या सुमारास घेतलेल्या गाड्यांपैकी ज्या भंगारात गेल्या त्यांची नोंद आपल्या स्मरणात नाही. उरली ती एखाद्या काळजीवाहू मालकाची लाडकी गाडी. तुलना करायची तर दहा वर्षांच्या जुन्या गाडीची दहा वर्षांच्या नव्या गाडीशी करावी, आणि तीही समान ओझ्याखाली. शिवाय ‘टिकणे’ हा एकच गुण नव्हे. पत्रा, इंजिन, चासी आणि ब्रेक यांची आयुष्ये निरनिराळी असतात, आणि प्रत्येकाचा शत्रू वेगळा असतो.

पत्र्याचा शत्रू पाऊस, असे आपण म्हणतो. पुण्यात वर्षाला सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस पडतो. तेथून पासष्ट किलोमीटरवरच्या लोणावळ्यात ४,००० मिलिमीटरहून अधिक. तरी गंज मिलिमीटर मोजत नाही, तास मोजतो. लोखंड गंजायला पाणी आणि हवेतला प्राणवायू दोन्ही लागतात, आणि पत्रा किती तास ओला राहिला यावर गंजाची चाल ठरते. धो धो पाऊस निदान चिखल तरी धुऊन नेतो. खरा घात करते ते लोणावळा-खंडाळ्याचे धुके आणि दिवसचे दिवस न थांबणारी झिमझिम. चाकांच्या कमानीत, दाराच्या तळाशी, हौद्याच्या दुमडीत भातखाचराचा चिखल अडकला, की तो स्पंजासारखा पाणी धरून ठेवतो. त्यात खताची पोती आली तर विचारूच नका. पोटॅशच्या खतात क्लोराईड असते, आणि ओल्या पत्र्यावर त्याचे काम समुद्राच्या मिठासारखेच चालते. सांडलेल्या दुधाचे आंबून आम्ल होते, तेही याच पंगतीला बसते.

येथे जुन्या आणि नव्याचा निवाडा बहुतेकांना वाटतो त्याच्या उलट आहे. जुना पत्रा जाड होता हे खरे. पण त्याला रंग बाहेरून फवारलेला असे, आणि पोकळ भागांच्या आत तो पोहोचतच नसे. तेथे गंज आतून बाहेर येई. बाहेर फोड दिसेपर्यंत आतले काम संपलेले असे. गेल्या तीसेक वर्षांत गाडीचा सांगाडा रंगाच्या हौदात बुडवून विजेच्या योगाने लेप चढवण्याची रीत आपल्याकडे रुळली. हा लेप सांदीकोपऱ्यांतही जातो. म्हणून पातळ असूनही नवा पत्रा पहिली आठ-दहा वर्षे जुन्यापेक्षा सरस ठरतो. मात्र लेप फुटला, की पातळ पत्र्याला भोक पडायला वेळ लागत नाही. आणि तो फोडतो कोण? बहुधा आपणच. गाडी घेतल्याच्या पहिल्याच आठवड्यात हौद्याला जाळी आणि कठडे वेल्ड करून घ्यायचे, हा आपला रिवाज. वेल्डिंगच्या ज्योतीने कारखान्याचा लेप जळतो, वर चांदीचा रंग फासला जातो, आणि तिसऱ्या पावसाळ्यात तेथूनच तांबडे ओघळ सुरू होतात. नटबोल्टांनी बसवलेली, मध्ये रबर घातलेली जाळी थोडी महाग पडते, पण पत्रा वाचवते.

इंजिनाच्या बाबतीत गुंता अधिक आहे. लाख-दीड लाख किलोमीटरला इंजिन उघडणे, रिंगा बदलणे, बोअर करणे ही जुन्या काळी अपेक्षितच गोष्ट होती. आज तेवढ्या अंतरावर इंजिन उघडावे लागले तर मालक तक्रार घेऊन जातो. याचे श्रेय कारखान्याच्या यंत्रकामाला जाते तसेच तेलाला आणि डिझेललाही जाते. १९९० च्या दशकाच्या आरंभी आपल्या डिझेलात गंधकाचे प्रमाण वजनाच्या १ टक्क्यापर्यंत चालत असे. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-सहा मानकांत ही मर्यादा दहा लाख भागांत १० भाग, म्हणजे आधीच्या हजारावा हिस्सा, एवढी आहे. गंधक जळून त्याचे आम्ल होते आणि सिलिंडर झिजवते. तेव्हा जुने इंजिन आज बरे चालत असेल, तर त्यात नव्या डिझेलचाही वाटा आहे!

पण नव्या इंजिनाचा एक नाजूकपणा ध्यानात घेतलाच पाहिजे. जुन्या पंपात डिझेलचा फवारा हवेच्या दाबाच्या शंभर-दीडशे पटींना सुटत असे. आजच्या कॉमन रेल इंजिनात हा दाब हजार-दीड हजार पटींच्याही वर जातो. एवढ्या दाबाला नोझलच्या आतली फट केसाच्या जाडीच्या कितीतरी लहान हिश्शाएवढी ठेवावी लागते. त्या फटीत पाण्याचा थेंब किंवा मातीचा कण गेला, की जे नोझल पूर्वी किरकोळ खर्चात दुरुस्त होई, ते आता महिन्याचे उत्पन्न घेऊन जाते. पवनानगरच्या पलीकडच्या वाड्यांत डिझेल कॅनमधून नेऊन ठेवतात, आणि पावसाळी हवेत त्या कॅनमध्ये दवाचे पाणी धरतेच. जुन्या गाडीने हे पाणी पचवले. नवी पचवत नाही. फिल्टरखालची पाण्याची तोटी आठवड्याला एकदा सोडणे हा उपाय फुकटचा आहे.

दुसरी अडचण धुराड्यात आहे. बहुतेक नव्या डिझेल पिकअपमध्ये काजळी धरणारी एक जाळी असते. गॅरेजात तिला डीपीएफ म्हणतात. साठलेली काजळी गाडी आपोआप जाळून टाकते, पण त्यासाठी जाळीत सुमारे सहाशे अंश उष्णता व्हावी लागते, आणि ती इंजिन काही काळ एका लयीत चालल्यावाचून होत नाही. आता दूधवाल्याचा दिवस पाहा. मळवलीहून निघाला, अर्ध्या किलोमीटरवर थांबला, पुन्हा निघाला, कामशेतला पोहोचला, इंजिन बंद. गाडी कधी पुरती तापतच नाही. जाळी भरत जाते आणि एके दिवशी दिवा लागून इंजिनाची ताकद कमी होते. मालक म्हणतो, नवी गाडी वर्षात बिघडली. खरे पाहता गाडी बिघडलेली नसून तिला तिच्या स्वभावाविरुद्ध काम मिळालेले असते. दिवा लागताच महामार्गावर वीसेक मिनिटे एकसारखी चालवली, तर बहुधा काम भागते. ज्याचा सारा धंदा चार-पाच किलोमीटरांतच फिरतो, त्याने डिझेलचा हट्ट सोडून सीएनजी किंवा पेट्रोलची लहान गाडी पाहावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. गुलाब घेऊन रोज मुंबई गाठणाऱ्याला ही काळजी नाही.

आणि मुंबई म्हटली की बोरघाट आला. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना सुमारे साडेपाचशे मीटर उंची उतरावी लागते. तीन टन भरलेली गाडी ही उंची उतरते तेव्हा जी ऊर्जा सुटते, तिने साधारण पन्नास लिटर गार पाणी उकळीला येईल. ही सारी उष्णता कोठे तरी जायला हवी. इंजिन गिअरमध्ये असेल तर तिचा मोठा वाटा इंजिन सोसते. नसेल तर सगळी चार चाकांच्या ब्रेकांवर येते. जुन्या गाड्यांना चारी चाकांना ड्रम असत. ड्रममध्ये उष्णता कोंडते, लायनर तापून गुळगुळीत होतात आणि पाय तळापर्यंत जाऊनही गाडी थांबत नाही. नव्या पिकअपना बहुधा पुढे डिस्क असते, ती उघड्यावर असल्याने लवकर निवते. या एका बाबतीत आम्ही जुन्या गाडीची वकिली करणार नाही.

मात्र कोणतीही डिस्क न्यूट्रलमध्ये घाट उतरणाऱ्याला वाचवू शकत नाही. डिझेल वाचते म्हणून हा प्रकार केला जातो, आणि त्यातला विनोद असा की डिझेल वाचतच नाही. उतारावर गाडी गिअरमध्ये असून पाय काढलेला असेल, तर चाकेच इंजिन फिरवतात आणि डिझेलचा पुरवठा बंद होतो. जुन्या पंपाचा गव्हर्नरही हेच करीत असे. न्यूट्रल केले तर मात्र इंजिन चालू ठेवण्यापुरते डिझेल जळतच राहते.

राहिली चासी. ती पावसाने मरते त्याहून अधिक ओझ्याने मरते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास ऑगस्ट व्यॉलर नावाच्या जर्मन अभियंत्याने रेल्वेचे आस का तुटतात याचा छडा लावला. एका धक्क्याने न तुटणारे पोलाद लक्षावधी लहान धक्क्यांनी थकून तुटते, आणि ताण थोडा वाढला तरी आयुष्य पुष्कळ घटते, असे त्याला आढळले. म्हणजे गाडीवर सव्वापट माल लादला, तर पाट्यांचे आयुष्य सव्वापटीने घटते हा हिशेब चुकीचा. ते निम्म्याच्याही खाली जाऊ शकते. जुन्या गाड्यांत धातू जरा सढळ हाताने वापरलेला असे, त्यामुळे त्या आपला हा अत्याचार अधिक काळ सोसत. नव्या गाड्या हिशेबाने बांधलेल्या आहेत : जेवढा भार सांगितला तेवढा वाहतील, आणि त्यापुरत्या उत्तम टिकतील.

दुरुस्तीची गोष्ट वेगळी. जुन्या गाडीचा प्रत्येक भाग नाना पेठेत मिळतो, आणि पान्याच्या संचावर गावचा मिस्त्री ती खोलू शकतो. नव्या गाडीला स्कॅनर लागतो, सेन्सर लागतात, आणि भाताच्या उडवीजवळ उभी केली तर तिच्या वायरी उंदीर कुरतडतात. उंदरांना जुनी गाडी कधीच रुचली नव्हती, कारण तिच्यात कुरतडण्यासारखे फारसे नव्हतेच. मात्र माल-गाडीला पहिली आठ वर्षे दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी पासिंग लागते. शिवाय पंधरा वर्षांवरील गाड्यांचे शुल्क १ एप्रिल २०२२ पासून पुष्कळ वाढले आहे. स्वस्तातल्या दुरुस्तीतून वाचलेला पैसा या खर्चाशी ताडून पाहावा.

जुनी ठेवायची की काढायची, हे ठरवायला ज्येष्ठाचा महिना उत्तम, पावसाच्या तोंडावर. इंजिनाचा आवाज ऐकत बसू नये. इंजिन बदलता येते. गाडी धुऊन, वाळवून खाली शिरावे आणि लहान हातोडीने चासी ठोकत जावे, विशेषतः मागच्या पाट्यांचे कान जेथे चासीला जोडलेले असतात तेथे. खणखणीत आवाज आला तर इंजिनावर खर्च करायला हरकत नाही. आवाज बसका आला, किंवा हातोडीखाली गंजाचे पापुद्रे सुटू लागले, तर बोअरचे पैसे खर्च करू नयेत. आणि त्या गाडीत माल भरून घाट तर मुळीच उतरू नये.