टॅटू काढायचाय!

‘टॅटू काढायचाय’ हे वाक्य दोन दारांत उभं राहून म्हणता येतं आणि दोन्हीकडे ते बरोबरच असतं. एकदा जत्रेतल्या पालात किंवा मॉलमधल्या चकचकीत स्टुडिओत, आणि एकदा त्वचारोगतज्ज्ञाच्या दवाखान्यात. चित्र काढणं आणि काटा काढणं या दोन्हींना मराठीनं एकच क्रियापद दिलंय. फरक वेळेचा आहे. मनगटावर नाव काढायला वीस मिनिटं पुरतात. तेच नाव काढून टाकायला वर्ष जातं, कधी दोन.

दुसऱ्या काढण्याची घाई कुणाला असते? ब्रेकअप झालेल्यांना, असं चटकन तोंडात येतं. ते खरंही आहे. पण आपल्याकडे एक मोठा गट भरतीच्या पोरांचा आहे. पहाटे ग्राउंडवर सोळाशे मीटर पळणारा, दंडावर नाहीतर मनगटाजवळ ‘आई’ गोंदवून घेतलेला मुलगा. केंद्रीय सशस्त्र पोलिस दलांच्या वैद्यकीय नियमांत टॅटूसाठी वेगळं कलमच आहे. धार्मिक चिन्ह किंवा नाव चालतं. पण जागा डाव्या हाताची कोपराखालची आतली बाजू किंवा पंजाची मागची बाजू, आणि आकार त्या भागाच्या पाव हिश्शाहून कमी. डावाच हात का? कारण सलाम उजव्या हातानं करतात. म्हणजे उजव्या मनगटावरच्या ‘आई’ला हरकत नाही, हरकत उजव्या मनगटाला आहे. २०२२ मध्ये उजव्या हातावरच्या धार्मिक टॅटूमुळे अपात्र ठरलेल्या एका उमेदवाराचं प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं होतं. टॅटू काढून टाकून पुन्हा वैद्यकीय मंडळासमोर जायची मुभा न्यायालयानं त्याला दिली.

जाहिरात निघाली की ही मुलं दवाखान्यात येतात आणि पहिला प्रश्न असतो, “मेडिकलच्या आत निघेल ना?”

ज्याचा टॅटू परवाचाच आहे, त्याला वाटतं आपलं काम सोपं. शाई अजून ओली आहे, मुरलेली नाही, लगेच निघेल. डॉक्टर मात्र त्याला तसाच घरी पाठवतात. ताजा टॅटू ही जखम असते. तिच्यावर लगेच लेसर मारला तर फोड आणि व्रण यांचीच शक्यता वाढते. निदान सहा ते आठ आठवडे थांबा, खपली पडू द्या, मग बघू. ताज्या पश्चात्तापाला याहून कडू औषध नाही. बाहीखाली नाव झाकून दोन महिने काढायचे.

हेच दोन महिने घातक ठरतात. कुणी मीठ चोळतं, कुणी आंघोळीच्या दगडानं घासतं, कुणी बिब्बा लावतं. कातडी भाजते, फोड येतात आणि शेवटी नाव असतं तिथं नावाच्या आकाराचा व्रण उरतो. मिठाचा उपाय आजीबाईंचा नाही, फार जुना आहे. सहाव्या शतकातल्या एटियस या ग्रीक वैद्यानं मिठानं घासून टॅटू काढण्याची रीत लिहून ठेवली होती. आज ऑनलाइन मिळणारी ‘टॅटू रिमूव्हल क्रीम’ त्याच वाटेवरची. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं अशा एकाही मलमाला मान्यता दिलेली नाही. कारण साधं आहे. मलम पोहोचतं वरच्या कातडीपर्यंत, आणि शाई असते त्याखाली.

किती खाली? सुई साधारण एक ते दोन मिलिमीटर आत जाते. कातडीचा वरचा थर सतत झडत असतो, महिना-दीड महिन्यात नवा येतो. शाई तिथं थांबली असती तर मेंदीसारखी उतरली असती. ती त्याच्याखालच्या थरात पडते. शरीराला ती परकी वाटते, म्हणून भक्षक पेशी धावतात आणि शाईचे कण गिळतात. गिळतात, पण पचवू शकत नाहीत. पोटात शाई घेऊन त्या जागीच बसतात. आपण ज्याला टॅटू म्हणतो तो म्हणजे या अपचन झालेल्या पेशींची वस्ती.

मग त्या पेशी मेल्यावर काय होतं? २०१८ मध्ये फ्रान्समधल्या मार्से इथल्या संशोधकांनी उंदरांच्या शेपटीवर हिरवी शाई गोंदवली आणि नंतर या पेशी मुद्दाम मारून टाकल्या. टॅटू जसाच्या तसा राहिला. मेलेल्या पेशीतून सांडलेली शाई शेजारी आलेल्या नव्या पेशींनी उचलली होती. भाडेकरू बदलत राहतात, सामान खोलीतच राहतं.

लेसरचं काम इथून सुरू होतं, आणि बहुतेकांचा गैरसमजही. लेसर शाई पुसत नाही, जाळून उडवतही नाही. तो कण फोडतो. कण पुरेसे बारीक झाले की भक्षक पेशी आणि लसिकावाहिन्या ते हळूहळू वाहून नेतात. काही शाई लसिकाग्रंथींत जाऊन बसते. म्हणजे यंत्राचा वाटा काही सेकंदांचा, बाकीची हमाली अंगाची. पैसे कितीही मोजले तरी या हमालाला घाई करता येत नाही.

थिओडोर मेमननं पहिला लेसर चालवला तो १६ मे १९६० रोजी, माणकाच्या कांडीतून. त्याच दशकात अमेरिकेतल्या सिनसिनाटीत लिऑन गोल्डमन या त्वचारोगतज्ज्ञानं तो टॅटूवर आजमावला. पण नंतर बरीच वर्षं दवाखान्यांत वापरले गेले ते कातडीच भाजून काढणारे लेसर. शाई जायची, व्रण राहायचा. खरा उलगडा १९८३ मध्ये झाला. बोस्टनच्या रॉक्स अँडरसन आणि जॉन पॅरिश यांनी ‘सायन्स’मध्ये मांडलं की योग्य रंगाचा प्रकाश पुरेशा कमी वेळात सोडला, तर हवा तोच कण तापेल आणि उष्णता शेजारी पसरायच्या आत काम संपेल. त्यासाठी लेसरची ऊर्जा धरणाच्या पाण्यासारखी अडवून धरायची आणि दरवाजा एकदम उघडायचा. दवाखान्यांत ज्याला ‘क्यू-स्विच’ म्हणतात तो हा दरवाजा. झोत टिकतो काही नॅनोसेकंद. एका नॅनोसेकंदात खुद्द प्रकाशही शाळेतल्या पट्टीएवढं, म्हणजे तीस सेंटिमीटर अंतर कापतो. २०१२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेला पिकोसेकंद लेसर याहूनही चपळ. त्याच्या एका पिकोसेकंदात प्रकाश जेमतेम पाव मिलिमीटरच्या पुढे सरकतो.

प्रत्यक्ष सिटिंग बघायला गेलं तर फारच छोटं असतं. आधी तासभर बधिर करणारं मलम लावून वर प्लास्टिकची पातळ पट्टी गुंडाळतात. हातातलं कडं, घड्याळ काढून ठेवायला लावतात, कारण चकचकीत वस्तूवरून किरण उलटतो. खोलीतल्या प्रत्येकाच्या डोळ्यांवर जाड रंगीत चष्मा. मग टक्, टक्, टक्. मोहरी तडतडावी तसा आवाज आणि केस जळल्याचा वास. रबर ताणून सोडल्यासारखं लागतं असं डॉक्टर आधी सांगतात. फोडणीचं तेल उडावं तसं, असं पेशंट नंतर सांगतात. पण बघण्यासारखं असतं ते वेगळंच. किरण पडला की काळं अक्षर क्षणात पांढरं होतं. पाटीवर खडूनं लिहिल्यासारखी ‘आई’ दिसते. मुलगा खूश होतो, गेलं! गेलेलं काही नसतं. आत झालेल्या वाफेचे आणि वायूचे बुडबुडे असतात ते. पंधरा-वीस मिनिटांत पांढरेपणा विरतो आणि अक्षर परत येतं, भोवती सूज आणि लाली घेऊन. पुढचे काही दिवस मलमपट्टी, फोड आला तर फोडायचा नाही, उन्हात हात उघडा टाकायचा नाही. रोज ग्राउंडवर जाणाऱ्याला हे शेवटचं पथ्य सगळ्यात जड.

किती सिटिंग, या प्रश्नाला छापील उत्तर नाही. २००९ मध्ये कर्बी आणि देसाई या डॉक्टरांनी अंदाज बांधायला एक मोजपट्टी सुचवली. त्वचेचा वर्ण, टॅटूची जागा, रंग, शाईचं प्रमाण, आधीचे व्रण आणि एकावर एक काढलेले थर, अशा सहा गोष्टींना गुण. हृदयापासून लांबची जागा उशिरा निवळते. मानेवरचं लवकर, घोट्यावरचं सावकाश. आकडे हवेच असतील तर इटलीतल्या ३५२ जणांच्या पाहणीचे आहेत, २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेले. क्यू-स्विच लेसरच्या दहा सिटिंगनंतर यश आलं ४७.२ टक्के जणांना, पंधरानंतर ७४.८ टक्क्यांना. धूम्रपान करणाऱ्यांमध्ये दहा सिटिंगमध्ये यश मिळण्याची शक्यता जवळपास सत्तर टक्क्यांनी घटली होती. आणि दोन सिटिंगमध्ये आठ आठवडे किंवा त्याहून कमी अंतर ठेवणाऱ्यांनाही यश कमीच. दहा सिटिंग म्हणजे मधली नऊ अंतरं. आठ-आठ आठवड्यांनी धरली तरी जवळजवळ सतरा महिने. भरतीचं वेळापत्रक इतकं थांबत नाही. जत्रेतल्या कच्च्या टॅटूत शाई कमी असते, त्यामुळे तो बहुधा लवकर निवळतो, एवढाच दिलासा.

काळी शाई सगळ्यात सोपी, कारण काळा रंग सगळ्याच लहरी शोषतो. लाल शाईला ५३२ नॅनोमीटरचा हिरवा किरण लागतो, हिरव्या-निळ्या शाईला ६९४ किंवा ७५५ चा. पिवळा हट्टी. पांढऱ्या आणि कातडीच्या रंगाच्या शाईत तर फसगत आहे. भुवया, ओठ रंगवायला वापरलेल्या शाईत टिटॅनियम किंवा लोहाची ऑक्साइडं असतात. किरण पडताच ती काळवंडतात. गुलाबी ओठ काढायला गेलेली बाई काळे ओठ घेऊन परत येऊ शकते. म्हणून जाणता डॉक्टर आधी कोपऱ्यात एक ठिपका मारून बघतो.

आपल्या सावळ्या कातडीची गोष्ट आणखी वेगळी. लेसरला शाईचा काळेपणा आणि त्वचेतल्या मेलॅनिनचा काळेपणा यांतला भेद नीट कळत नाही. १०६४ नॅनोमीटरची लहर मेलॅनिन त्या मानानं कमी शोषतं आणि ती खोल जाते, म्हणून आपल्याकडे ती लहर सोडणाऱ्या एनडी-याग लेसरवरच भिस्त. जोर जास्त झाला किंवा लहर चुकली तर शाईबरोबर त्वचेचा रंगही जातो आणि पांढरट चट्टा उरतो. बहुतेक वेळा तो महिन्यांनी भरून येतो. पण मधल्या काळात बघणाऱ्याला ते कोड वाटतं. लग्नाआधी जुनं नाव काढायला गेलेल्या मुलीच्या घरी यावरून काय होत असेल, ते सांगायला नको. स्वस्तात लेसर मारून देणाऱ्या पार्लरची वाट धरण्याआधी एवढं तरी डोळ्यांसमोर असावं.

दवाखान्याच्या त्याच बाकावर अधूनमधून हनुवटीवर तीन हिरवे ठिपके असलेली एखादी बाईही बसलेली असते. ही जुनी गोंदणं, काजळीची. मेल्यावर दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं बरोबर येतं, असं सांगून लहानपणीच काढलेली. ती हिला कुणी विचारून काढली नव्हती. शहरात नोकरीला लागल्यावर लोक बघतात म्हणून ती आलेली असते. कार्बनचं गोंदण असल्यानं लेसरला ते बऱ्यापैकी दाद देतं. तिच्या पिढीतल्या बायकांना मात्र काढायचं कशाला हाच प्रश्न पडतो.

सगळं काढायलाच हवं असंही नाही. हॉलिवूडचा नट जॉनी डेप याच्या दंडावर प्रेयसीच्या नावाचं ‘वायनोना फॉरेव्हर’ होतं. नातं तुटल्यावर त्यानं नावातली शेवटची दोनच इंग्रजी अक्षरं घालवली आणि तिथं ‘वाइनो फॉरेव्हर’, म्हणजे ‘कायमचा बेवडा’, उरलं. अँजेलिना जोलीनं दंडावरचं नवऱ्याचं नाव लेसरनं काढलं आणि पुढे त्या जागी मुलांच्या जन्मस्थळांचे अक्षांश-रेखांश आले. दोन-तीन सिटिंगमध्ये फिकं करून वर नवं चित्र काढून घ्यायचं, हा मधला रस्ता स्टुडिओवाले आता स्वतःच सुचवतात. भरतीच्या पोराला तोही बंद. त्याला उजवा हात कोराच हवा.

चौथ्या सिटिंगपर्यंत त्याच्या हातावर बहुधा अर्धंमुर्धं काहीतरी राहिलेलं असतं. जत्रेतल्या माणसाची सुई सगळीकडे सारखी खोल गेलेली नसते. जिथं वरवर गेली तिथली रेघ निघून जाते. जिथं त्यानं जोर दिला, तिथला ‘आ’चा काना तसाच दिसत राहतो. डॉक्टर त्यावर पेनानं खूण करतात, फोटो घेतात आणि केसपेपरवर आठ आठवड्यांनंतरची तारीख लिहितात.