पेटीतलं एचएमटी अन् फोनवरचं रोलेक्स : घड्याळ अस्सल की नक्कल, ओळखायचं कसं?

नागभीड (ग्रामीण वार्ताहर) : आपल्या धानपट्ट्यात एचएमटी म्हटलं की आधी तांदूळ आठवतो. पण हे नाव मूळचं घड्याळाचं. आपल्या तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे यांना १९८० च्या दशकात ‘पटेल-३’ धानाच्या बांधीत काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या जपून त्यांनी बारीक दाण्याचा नवा वाण तयार केला. तेव्हा एचएमटी घड्याळाचा मोठा बोलबाला होता, म्हणून व्यापाऱ्यानं धानालाही तेच नाव दिलं. म्हणजे एका घड्याळाचा मान केवढा असेल बघा!

आज तीच घड्याळं गावोगावी पेटीत, फडताळात, देवघराच्या कोनाड्यात बंद पडून आहेत. मोड घेणारा दारात आला की फुटक्या बादलीसोबत तीही जातात. दुसरीकडे आपलीच पोरं फोनवर जाहिरात पाहून ‘ओरिजनल रोलेक्स फक्त दोन हजारात’ मागवतात. अस्सल वस्तू मातीमोल जाते आणि नक्कल अस्सलच्या नावानं घरात येते. मला घड्याळं जमवायचा नाद आहे. माझ्या डब्यात आज चौदा घड्याळं आहेत, त्यातली दोन सरळसरळ नकली आहेत, आणि तीही मी हौसेनं वापरतो. त्यामुळे नक्कल वाईटच असं मी म्हणणार नाही. पण आपण काय घेतो अन् काय विकतो, हे आपल्याला माहीत पाहिजे.

एचएमटीची थोडक्यात गोष्ट

हिंदुस्थान मशीन टूल्स ही सरकारी कंपनी १९५३ साली सुरू झाली. १९६१ मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीनं बंगळूरला घड्याळाचा कारखाना निघाला. पुढे श्रीनगर, तुमकूर आणि रानीबाग इथेही कारखाने झाले. जनता, पायलट, जवान, सोना, कांचन, कोहिनूर, अविनाश अशी त्यांची नावं. कित्येक घड्याळांच्या डायलवर ही नावं देवनागरीत असत, काहींवर आकडेही देवनागरी. लग्नात सायकल, रेडिओ आणि घड्याळ ही तिन्ही जावयाला मिळाली म्हणजे सासरा तालेवार. त्यातही ‘कांचन’ मिळालं तर गावभर चर्चा.

१९८७ मध्ये टायटनची घड्याळं बाजारात आली. सेलवर चालणारी, दिसायला देखणी, रोज चावी द्यायची कटकट नाही. एचएमटी मागे पडत गेली. शेवटी जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारनं एचएमटीची घड्याळ कंपनी बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर जुन्या घड्याळांचा भाव उलट वाढायला लागला. शहरातले हौशी लोक ती शोधत फिरतात, आणि त्यांना माल पुरवणारे आपल्या गावात येतात.

आधी मशीन समजून घ्या

घड्याळं मुख्यतः तीन प्रकारची. पहिलं चावीचं. यात आत एक स्प्रिंग असते. चावी दिली की ती गुंडाळते आणि हळूहळू उलगडत काटे फिरवते. एकदा पूर्ण चावी दिली की साधारण दीड दिवस चालतं. दुसरं ऑटोमॅटिक. यातही स्प्रिंगच, पण आत एक अर्धगोल वजन असतं, हात हलला की ते फिरतं आणि चावी आपोआप भरते. कांचन हे असंच. तिसरं सेलचं, म्हणजे क्वार्ट्झ. यात गारेचा एक बारीक तुकडा सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो, त्या मोजणीवर काटा पुढे सरकतो. वेळेला हे सगळ्यात पक्कं. चावीचं जुनं घड्याळ दिवसाला अर्धा-एक मिनिट मागंपुढं होणारच, त्याला बिघाड समजू नका.

डायलवर ‘१७ ज्वेल्स’ लिहिलेलं दिसलं की अनेकांना वाटतं आत हिरे-माणकं आहेत. आत माणकं असतात खरी, पण ती कारखान्यात बनवलेली. चाकांचे दांडे जिथे फिरतात तिथे घासून झीज होऊ नये म्हणून बसवलेली. बैलगाडीच्या आसाला वंगण देतो तसंच काम. त्यांची किंमत किरकोळ. ‘पॅरा शॉक’ म्हणजे धक्का बसला तरी आतला नाजूक दांडा तुटू नये म्हणून केलेली सोय. आणि ‘सोना’ हे नाव आहे, ते घड्याळ सोन्याचं नाही. वरून फक्त सोन्याचा मुलामा आहे.

नक्कल किती प्रकारची?

बोगस बियाणं कसं असतं हे आपल्याला सांगायला नको. पिशवी तीच, टॅग तसाच, आत काय ते उगवल्यावर कळतं. घड्याळातही तेच आहे.

एक : ‘फर्स्ट कॉपी’. मोठ्या परदेशी कंपनीचं नाव, चिन्ह, डिझाइन सगळं उचललेलं. विकणारे ‘मास्टर क्वालिटी’ असे शब्द वापरतात. शब्द कोणताही असो, माल नकलीच.

दोन : जोडाजोडीचं घड्याळ. मशीन एका घड्याळाचं, झाकण दुसऱ्याचं, काटे तिसऱ्याचे. जुन्या एचएमटीत हा प्रकार फार. सुटे भाग खरे असतात, पण घड्याळ कारखान्यातून तसं निघालेलंच नसतं.

तीन : रंगवलेली डायल. जुनी डायल खरवडून नवा रंग, नवी छपाई. पायलटच्या काळ्या डायलला मागणी जास्त, म्हणून तिच्यात हे जास्त दिसतं.

चार : दिसायला नामांकित घड्याळासारखं, पण वर स्वतःच्याच कंपनीचं नाव. याला नक्कल म्हणता येत नाही. कमी पैशात तसा थाट हवा असेल तर हा रस्ता सरळ आहे.

घरबसल्या करायची तपासणी

सेकंद काटा पाहा. सेलच्या घड्याळात तो सहसा सेकंदाला एक उडी मारतो. जुन्या चावीच्या एचएमटीत तो सेकंदाला पाच बारीक टप्पे घेतो, म्हणून सरकत गेल्यासारखा दिसतो. आजच्या रोलेक्समध्ये सेल नसतोच. म्हणून ‘रोलेक्स’ लिहिलेल्या घड्याळाचा काटा टक-टक उडत असेल तर पुढचं काही तपासायची गरज नाही. पण काटा सरकत गेला म्हणजे अस्सल असंही नाही, कारण आता नकली मालातही ऑटोमॅटिक मशीन घालतात.

डायलवरची अक्षरं फोनच्या कॅमेऱ्यात मोठी करून पाहा. कारखान्याची छपाई रेखीव असते. रंगवलेल्या डायलवर अक्षरांच्या कडा फाटलेल्या, मिनिटाच्या रेघा वाकड्या, नाव मधोमध नाही, असं काहीतरी सापडतं. पन्नास वर्षं जुनं घड्याळ आणि डायल कालच रंगवल्यासारखी झगझगीत नारंगी किंवा जांभळी, हे सहसा जमत नाही.

मागचं झाकण गावातल्या माहितीच्या घड्याळजीकडून उघडून घ्या. मशीनवर कोणाचं नाव आहे, गंज किती, स्क्रूची खाच किती झिजली, हे पाच मिनिटांत दिसतं. घरी सुरीनं उघडू नका.

शेवटी किंमत. खरं रोलेक्स लाखांत जातं. ते दोन हजारात कोणी देत नाही, चोरीचंसुद्धा नाही.

कायदा काय म्हणतो?

दुसऱ्याचं व्यापारी चिन्ह वापरून माल विकणं हा १९९९ च्या ट्रेड मार्क्स कायद्याखाली गुन्हा आहे. सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख रुपये दंड अशी तरतूद आहे. कायद्याचा रोख विकणाऱ्यावर आहे. पण आपल्याकडची काही पोरं दहा-वीस घड्याळं मागवून मंडईत किंवा व्हॉट्सॲपवर विकतात, त्यांनी हे लक्षात ठेवावं. ‘मी फक्त मधला माणूस’ म्हणून सुटका होईल अशा भ्रमात राहू नका.

शेजारच्या एका गावात मागच्या उन्हाळ्यात लग्न झालं. सासऱ्यानं जावयाला परदेशी कंपनीचं घड्याळ दिलं, सोबत छापील बिल. दोन महिन्यांत ते बंद पडलं. दुरुस्तीला नेलं तेव्हा आत साधं सेलचं मशीन निघालं. जावई काही बोलला नाही, पण सासऱ्याला मात्र चारचौघांत मान खाली घालावी लागली. गरीब माणसानं आठशे रुपयाचं साधं घड्याळ दिलं असतं तर कोणी नाव ठेवलं नसतं. लाज वाटली ती फसवलं गेल्याची.

ऑनलाइन मागवलंच तर पार्सल उघडताना व्हिडिओ करा, बिल आणि संदेश जपून ठेवा. फसवणूक झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करता येते. पैसे ऑनलाइन लुबाडले गेले असतील तर लगेच १९३० वर फोन करा.

संग्रह करायचा तर असा

पैसा लागतोच असं नाही. सुरुवात घरापासून करा. आबाजीचं, मामाचं, मोठ्या बापाचं बंद घड्याळ मागून घ्या. एक वही ठेवा. घड्याळाचं नाव, झाकणावरचा नंबर, कोणाकडून आलं, कधी, किती रुपयात, आणि ते कोणाच्या हातावर होतं, हे लिहा. माझ्या वहीत दोन नावांपुढे ‘नक्कल’ असं स्पष्ट लिहिलं आहे, म्हणजे माझ्या माघारी पोरं कोणाला फसवणार नाहीत आणि स्वतःही फसणार नाहीत. त्यातलंच एक मी रोवणीला घालतो. चिखल लागला, पट्टा तुटला, तरी जीव तुटत नाही.

जुनं घड्याळ रोज ठरलेल्या वेळी, सकाळी, हातातून काढून चावी द्या. चावी घट्ट लागली की थांबा. तारखेचं घड्याळ असेल तर रात्री नऊ ते पहाटे तीनच्या दरम्यान तारीख बदलू नका, आतले दाते तुटतात. तीन-चार वर्षांतून एकदा सफाई आणि तेलपाणी करून घ्या. स्पीकर आणि मोटारीजवळ ठेवू नका, लोहचुंबकाचा परिणाम होऊन घड्याळ एकदम पुढे पळायला लागतं. फवारणी करताना आणि विहिरीवर अंघोळ करताना काढून ठेवा. झाकणावर ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिलं असलं तरी जुन्या रबराचा भरवसा नाही. नव्या घड्याळावर ‘३० मीटर’ लिहिलेलं असतं, त्याचाही अर्थ चार थेंब उडाले तर चालेल एवढाच. ठेवायच्या डब्यात नव्या चपलांच्या खोक्यातली ओल शोषणारी पुडी टाका.

फार जुन्या परदेशी घड्याळांच्या आकड्यांवर अंधारात चमकायला खरं रेडियम लावत. १९६० च्या आधीचं असं घड्याळ असेल तर उघडून आकडे खरवडू नका, ती पूड अंगाला घातक आहे.

विकायचंच असेल तर?

संसाराला पैसा लागतो, विकायला हरकत नाही. पण दारात आलेल्याला लगेच देऊ नका. आधी पुसून स्वच्छ फोटो काढा, डायलचा आणि झाकणाचा. चालतं का ते घड्याळजीकडून तपासा. तसंच घड्याळ ऑनलाइन कितीला मागतात ते पाहा, आणि दोघा-तिघांना भाव विचारा. घासून चकचकीत करू नका, डायल रंगवून घेऊ नका. जाणकार माणूस डाग पडलेल्या मूळ डायलला जास्त पैसे देतो, रंगवलेलीला कमी. काही बदललं असेल तर घेणाऱ्याला आधीच सांगा.

पुढच्या आठवड्यात घराची झाडझूड काढाल तेव्हा मोडीची पिशवी एकदा उलटी करून पाहा. तळाशी तुटक्या पट्ट्याचं एखादं ‘जनता’ असेल. हलक्या हातानं चावी द्या आणि कानाला लावा. टिकटिक ऐकू आली तर ते मोडीत जायचं नाही.