दम आणि दाब
(लेखांक सहावा : व्यायामाची तीव्रता)

मागील लेखांकात मिठाचा हिशेब मांडून झाल्यावर व्यायामाचे प्रकरण हाती घेणे क्रमप्राप्तच होते. परंतु गोंदिया तहसिलीतील कामठ्यासारख्या, एके काळी मातब्बर जमीनदारीचे ठाणे असलेल्या आणि आजही धानाच्या बांध्यांनी वेढलेल्या गावात व्यायामाची गोष्ट काढली की ऐकणारा बहुधा हसतो, आणि त्याचे हसणे सर्वस्वी गैरवाजवी आहे असे म्हणवत नाही. ज्या बाईने अवघा आषाढ चिखलात वाकून रोवणी केली, ज्या गड्याने पऱ्ह्यांच्या पेंड्या निसरड्या धुऱ्यावरून दिवसभर वाहिल्या, त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्तदाबाचा आकडा ऐकवून वर ‘रोज अर्धा तास चालत जा’ असा सल्ला दिला, तर तो त्यांना थट्टेसारखा वाटावा यात नवल नाही. ‘आमचे कामच आमचा व्यायाम’ हा त्यांचा जबाब. त्या जबाबाची उलटतपासणी करणे हाच आजच्या लेखाचा उद्देश होय.

श्रम आणि व्यायाम या दोहोंत स्नायू तेच, हृदय तेच आणि घामही तोच. भेद आहे तो तीव्रतेचा आणि तिच्या मांडणीचा. रोवणीचे काम दीर्घकाळ चालते, पण त्यात नाडीचा वेग मध्यम पातळीच्या वर क्वचितच जातो. कंबर तासन्‌तास एकाच अवस्थेत जखडलेली राहते आणि विश्रांतीचा अवधी मजुराच्या नव्हे, तर पावसाच्या व मालकाच्या मर्जीवर ठरतो. याच्या अगदी उलट टोकाला खरेदी केंद्रावर किंवा राइस मिलमध्ये धानाचा कट्टा पाठीवर घेणाऱ्या हमालाचे श्रम : ते क्षणिक, पराकाष्ठेचे आणि बहुधा श्वास रोखून केलेले. श्वास कोंडून ओझे रेटताना धमनीतील दाब कोठवर चढतो, याचे मोजमाप 1985 साली कॅनडात मॅकडूगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण, निरोगी शरीरसौष्ठवपटूंच्या धमनीत थेट नळी बसवून केले, तेव्हा पायांनी वजन रेटताना एका गड्याचा दाब 480/350 पर्यंत गेलेला आढळला. धडधाकट तरुणाच्या धमन्या असा झटका सोसतात. पन्नाशी ओलांडलेल्या, अनेक वर्षे अनियंत्रित दाब बाळगणाऱ्या मनुष्याच्या धमन्यांनीही तो सोसावा, अशी हमी कोणीही देऊ नये. शिवाय हे सारे श्रम हंगामी. धानाची चुरणी उरकली की उन्हाळी धान नसणाऱ्या घरात, मोहफुले व तेंदूपत्त्याचे दिवस सोडले तर, श्रमांत पुष्कळ खंड पडतो. त्यात ट्रॅक्टर आला, हार्वेस्टर आला आणि गोंदियाला सायकलने जाणारा माणूस मोटारसायकलवर बसला. कामाची ख्याती मागे राहिली आणि काम मात्र पुष्कळसे निघून गेले, हा फरक आमच्या ध्यानातच आलेला नाही.

आता तीव्रतेने शरीरात नेमके काय घडते ते पाहू. मनुष्य झपाझप चालू लागला की हृदय मिनिटाला अधिक रक्त बाहेर टाकते, वरचा दाब चढतो, खालचा मात्र फारसा हलत नाही, कारण काम करणाऱ्या स्नायूंतील सूक्ष्म वाहिन्या त्याच वेळी विस्फारतात. रक्ताच्या वाढत्या प्रवाहाचे घर्षण धमनीच्या आतील अस्तराला जाणवते आणि ते अस्तर नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू निर्माण करते, ज्याच्या योगे धमनीच्या भिंतीतील स्नायू सैल पडतात. या वायूच्या कार्याचा शोध लावणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना 1998 सालचे नोबेल पारितोषिक मिळाले. व्यायाम थांबल्यावर दाब पूर्वीच्या पातळीवर येऊनच स्थिरावतो असे नाही. तो तिच्याही खाली उतरतो आणि काही तास तेथेच राहतो. ही घट तात्पुरती असल्यामुळेच व्यायाम आठवड्यातील बहुतेक दिवस करावा लागतो. रविवारी एकदाच जीव तोडून धावणाऱ्याच्या पदरात तिचा लाभ फारसा पडत नाही.

तीव्रता वाढवली तर लाभही त्याच प्रमाणात वाढतो काय? नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे उच्च रक्तदाबाच्या 88 रुग्णांवर केलेला आणि 2012 साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या बाबतीत वारंवार पुढे केला जातो. काही रुग्णांनी चार-चार मिनिटे कमाल नाडीच्या नव्वद टक्क्यांच्या वर जाणारा आणि मध्ये उसंत देणारा व्यायाम बारा आठवडे केला, काहींनी सत्तर टक्क्यांच्या आसपास संथपणे व अखंड. पहिल्यांचा चोवीस तासांचा वरचा दाब सरासरीने 12 अंकांनी उतरला, दुसऱ्यांचा साडेचारांनी, आणि प्राणवायू-ग्रहणाची कमाल क्षमता, जिला आपण साध्या बोलीत दम म्हणतो, ती पहिल्यांत पंधरा टक्के, तर दुसऱ्यांत पाचच टक्के वाढली. हे आकडे मोहक खरे. पण एका प्रयोगावरून फर्मान काढण्याची घाई बरी नव्हे. 2023 साली 270 प्रयोगांचा एकत्रित ताळा मांडण्यात आला, त्यात संथ व अखंड व्यायामाने वरचा दाब सुमारे साडेचार अंकांनी आणि तीव्र, खंडित व्यायामाने सुमारे चार अंकांनी उतरल्याचे दिसून आले, म्हणजे फरक जवळजवळ नाहीसाच झाला. (त्याच ताळ्यात सर्वाधिक, आठ अंकांहून अधिक, घट भिंतीला पाठ टेकवून गुडघे वाकवून स्थिर बसण्यासारख्या व्यायामांनी झाली, त्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागेल.) मला जे दिसते ते असे : दाब उतरविण्याच्या कामी मध्यम तीव्रता आणि सातत्य पुष्कळ अंशी पुरते, दम वाढविण्याच्या कामी मात्र तीव्रतेवाचून गत्यंतर नाही, कारण हृदयाने एका ठोक्यात अधिक रक्त फेकावे असे वाटत असेल तर त्याला अधूनमधून त्याच्या मर्यादेजवळ नेलेच पाहिजे. रोवणी करणाऱ्या बाईची चिकाटी अफाट असूनही चढावर तिला धाप का लागते, याचा खुलासा येथे होतो.

ट्रॉन्डहाइमची रीत कामठ्याला मानवेल असे मला वाटत नाही. तिला यंत्रे हवीत आणि देखरेख हवी. जपानमधील मात्सुमोतोची रीत मला अधिक पसंत आहे. तेथील शिन्शू विद्यापीठातील नोसे व नेमोतो यांनी साठीच्या आसपासच्या स्त्री-पुरुषांना तीन मिनिटे झपाट्याने व तीन मिनिटे सावकाश असे आळीपाळीने, एका वेळी पाच किंवा अधिक फेऱ्या आणि आठवड्यातून निदान चार दिवस याप्रमाणे पाच महिने चालावयास लावले. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निष्कर्षांप्रमाणे या मंडळींचा दाब, मांड्यांचे बळ आणि दम हे तिन्ही, एकाच संथ चालीने चालणाऱ्यांपेक्षा लक्षणीय सुधारले. याला तलावाची पाळ पुरते, गावातील लहरी आश्रमाकडे जाणारा रस्ताही पुरतो.

झपाटा किती असावा? वय 220 मधून वजा करून कमाल नाडी काढण्याचा रिवाज आहे; त्या हिशेबाने पंचावन्नाव्या वर्षी ती 165 येते आणि तिचे सत्तर टक्के म्हणजे सुमारे 115. परंतु दाबावरच्या काही गोळ्या, विशेषतः ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल यांसारख्या, नाडीला मुद्दामच लगाम घालतात, तेव्हा त्या घेणाऱ्यांच्या बाबतीत ही मोजणी फसवी ठरते. त्यापेक्षा सोबत्याशी बोलून पाहावे : सावकाश चालताना गप्पा अडखळू नयेत, झपाट्यात दोन-चार शब्दांपलीकडे वाक्य पुरे होऊ नये. दाब 180/110 च्या वर असेल तर ही सारी तजवीज तूर्त तहकूब ठेवून आधी औषधाने तो खाली आणावा. छातीत दुखणे, भोवळ किंवा चालताना जबड्यापर्यंत जाणारी कळ यांपैकी काहीही जाणवले तर थांबावे आणि डॉक्टरांना गाठावे. कट्टा उचलणाऱ्याने उचलताना श्वास बाहेर सोडावा. एवढ्या एका सवयीने दाबाचा झटका बराच सौम्य होतो. वैशाख-ज्येष्ठात येथील ऊन इतके कडक असते की लघवी वाढविणारी गोळी घेणाऱ्याने सूर्योदयानंतर झपाट्याच्या फेऱ्यांना हात घालू नये.

दाब उतरल्याच्या आनंदात गोळी परस्पर बंद करण्याचा मोह मात्र आवरावा. शेजारचा भंडारा जिल्हा, ज्यातून 1999 साली गोंदिया वेगळा झाला, राष्ट्रीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमाच्या पहिल्या टप्प्यातील जिल्ह्यांपैकी एक होता, आणि या उपक्रमाचा भर अवघड औषधांवर नसून रुग्णाने ठरलेल्या तारखेला दाब मोजून घेऊन महिन्याची गोळी घरी नेण्यावर होता. गोळी कमी करायची की नाही, हे त्या मोजणीच्या नोंदीवरून डॉक्टरांनी ठरवावयाचे असते. त्या नोंदी कशा वाचाव्यात, हा पुढील लेखांकाचा विषय.