डिंगी : बंगालच्या नदीतून आरमारात

डिंगी म्हणजे एखाद-दोन माणसांना वल्ह्यांवर किंवा छोट्या शिडावर चालवता येणारी लहान, उघडी होडी. इंग्रजीने जगभर नेलेला हा शब्द मूळचा बंगालकडचा. तिथल्या नद्यांत आणि सुंदरबनच्या खाड्यांत मासेमारीसाठी वापरली जाणारी अरुंद नाव आजही डिंगीच.

शब्दातला लहानपणा शेवटच्या ईकारात आहे. लोट्याची लोटी व्हावी, तशी ही डिंगाची डिंगी. ‘डिंगा’ म्हणजे मोठे व्यापारी गलबत. बंगाली मनसामंगल काव्यांतला चांद सदागर अशी सात गलबते घेऊन व्यापाराला निघतो आणि मनसादेवीच्या कोपाने ती बुडतात. त्यांतल्या प्रमुख डिंगाचे नाव मधुकर. डिंगा पुढे कथाकाव्यांपुरती उरली, डिंगीचे दिवस मात्र पालटले.

नांगरलेल्या जहाजावरून घाटावर ये-जा करायला अशी नाव सोयीची. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात इंग्रज खलाशांच्या तोंडी हा शब्द बसला आणि १९व्या शतकात जहाजावरच्या सर्वांत लहान होडीचे नाव म्हणून ब्रिटिश आरमारात रूढ झाला. यूल आणि बर्नेल यांच्या १८८६च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची नोंद आहे. इंग्रजी स्पेलिंगमधला ‘एच’ मुळातला नव्हे. तो नसता तर वाचकाने ‘डिंजी’ असा उच्चार केला असता, आणि त्याचा अर्थ होतो मळकट! त्या ‘एच’ला भुलून मराठीत ‘डिंघी’ लिहिण्याचे कारण नाही.

त्याहून मागचे मूळ वादाचे आहे. काही कोश ते संस्कृत ‘द्रोण’शी, म्हणजे लाकडी पात्राशी जोडतात. पोकळ खोडाची नाव आणि लाकडी पात्र यांचे नाते पटण्याजोगे आहे. पण ‘द्रोणी’चे सरळ वारस डोण आणि डोणी हे शब्द आहेत. ‘डिंगी’पर्यंतची ध्वनींची वाट तितकी सरळ दिसत नाही.

दरम्यान अर्थ पसरत गेला. दुसऱ्या महायुद्धात समुद्रात कोसळलेल्या वैमानिकांना वाचवणारी हवा भरायची रबरी होडीही डिंगी ठरली. शिडाच्या शर्यतींत तर डिंगी हा स्वतंत्र वर्गच आहे. मुलांसाठीची ‘ऑप्टिमिस्ट’ ही सुमारे २.३ मीटर लांबीची डिंगी क्लार्क मिल्स यांनी १९४७मध्ये फ्लोरिडात बनवली. २०२१मध्ये झालेल्या टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताची नेत्रा कुमानन उतरली, तीही एकटीने हाकायच्या डिंगीतच.