ठाणे परिसरातील धबधबे व पावसाळी पदभ्रमण

ठाणे, कल्याण, डोंबिवली, बदलापूर या शहरांच्या आसपासच्या डोंगरांत जून ते सप्टेंबर या काळात वाहणारे हंगामी धबधबे हे मुंबई महानगर प्रदेशातील पावसाळी पर्यटनाचे प्रमुख आकर्षण आहे. येऊरच्या डोंगरातील ओहोळ, बदलापूरजवळील कोंडेश्वर, शहापूर तालुक्यातील विहिगाव आणि शेजारच्या रायगड जिल्ह्यातील भिवपुरी व खारघर येथील धबधबे लोकलने किंवा रस्त्याने एका दिवसात पाहून येण्याजोगे आहेत. याच ठिकाणी जवळजवळ प्रत्येक पावसाळ्यात बुडून, वाहून जाऊन किंवा कड्यावरून घसरून मृत्यू होतात. त्यांतील अनेक दुर्घटनांचे कारण एकच असते. धबधब्यापाशी दिसणारा पाऊस आणि धबधब्यात येणारे पाणी यांचा थेट संबंध असतोच असे नाही, आणि ही गोष्ट नवख्या पर्यटकाच्या लक्षात येत नाही.

भौगोलिक पार्श्वभूमी

बाळकुम हे ठाणे शहराच्या ईशान्य बाजूस उल्हास नदीच्या खाडीकाठी वसलेले मूळचे आगरी-कोळी वस्तीचे गाव असून आता ते ठाणे महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. येथून पश्चिमेस, घोडबंदर रस्त्यापलीकडे येऊरचे डोंगर दिसतात. समोरच्या खाडीत येणारे पाणी मात्र फार दुरून येते. लोणावळा-खंडाळ्याच्या परिसरात उगम पावणारी उल्हास नदी कर्जत, नेरळ, बदलापूर मार्गे कल्याणला पोहोचते. माळशेज घाटाच्या बाजूने येणारी काळू नदी भातसेचे पाणी घेऊन कल्याणजवळ तिला मिळते. सह्याद्रीच्या कड्यांवरून कोसळणाऱ्या शेकडो धबधब्यांचे पाणी अशा रीतीने बाळकुम व कोलशेतच्या किनाऱ्यावरून वसईच्या खाडीकडे जाते.

वरचा पाऊस खालच्या प्रदेशात काय घडवू शकतो, हे २७ जुलै २०१९ रोजी दिसले. उल्हास नदीला आलेल्या पुराचे पाणी लोहमार्गावर चढल्याने मुंबईहून कोल्हापूरकडे निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान अडकली. एक हजाराहून अधिक प्रवाशांना राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, नौदल व स्थानिक ग्रामस्थांच्या मदतीने बाहेर काढावे लागले. मोठ्या नदीला चढायला काही तास लागतात. डोंगरातील ओढ्याला तेवढा वेळ लागत नाही.

पाणी अचानक का वाढते

सह्याद्रीचा हा भाग दख्खनच्या पठारावरील ज्वालामुखीच्या उद्रेकांतून बनलेल्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचले व नंतर झिजले, त्यामुळे डोंगरांना पायऱ्यांसारखी रचना आली. प्रत्येक कठीण थराच्या कडेवरून पाणी उडी घेते आणि खालचा मऊ थर कोरून काढते. धबधब्याच्या पायथ्याशी खोल डोह आणि डोहामागे कपार तयार होते ती यामुळेच. वाहत्या पाण्यातील गोटे गरगर फिरून कातळात रांजणखळगेही पाडतात. पावसाळ्यात गढूळ पाण्याखाली हे खळगे दिसत नाहीत. गुडघाभर पाण्यात चालणारा मनुष्य पुढच्या पावलाला डोक्याइतक्या खोल खळग्यात जाऊ शकतो.

या कातळात पाणी फारसे मुरत नाही. जुलैच्या मध्यापर्यंत वरच्या पठारांवरील पातळ मातीही पूर्ण भिजलेली असते आणि त्यानंतर पडणारा पाऊस जवळजवळ जसाच्या तसा ओढ्यांत उतरतो. एक साधा हिशेब केल्यास त्याचे प्रमाण कळते. एखाद्या धबधब्याचे पाणलोट क्षेत्र केवळ १ चौरस किलोमीटर असले आणि तेथे एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर ५ कोटी लिटर पाणी जमते. त्यातील अर्धे जरी त्याच तासात वाहून आले, तरी धबधब्यातून दर सेकंदाला सुमारे सात हजार लिटर पाणी पडू लागते. पाणलोट क्षेत्र लहान व उतार तीव्र असल्याने पाऊस पडणे आणि लोंढा खाली येणे यांत अनेकदा अर्ध्या-पाऊण तासापेक्षा अधिक अंतर नसते. धबधब्याखाली उभ्या असलेल्या माणसाला वरचे पठार दिसत नाही. त्याच्या डोक्यावर ऊनही पडलेले असू शकते.

वाहत्या पाण्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की रेटा चौपट होतो. त्यामुळे संथ पाण्यात कंबरेपर्यंत उभा राहणारा मनुष्य वेगवान पाण्यात गुडघ्यापर्यंतही टिकत नाही. धबधब्याच्या पायथ्याचे पांढरे, फेसाळ पाणी तर पोहणाऱ्यालाही दगा देते. त्यात हवेचे प्रमाण जास्त असल्याने ते शरीराला पुरेसे वर उचलत नाही, आणि कोसळत्या धारेमागे तयार होणारा भोवरा माणसाला पुन्हा पुन्हा धारेखाली ओढतो. विहिरीत किंवा तलावात उत्तम पोहता येणे ही येथे सुरक्षिततेची हमी नव्हे.

३० जून २०२४ रोजी, रविवारी, लोणावळ्यातील भुशी धरणाच्या मागील बाजूच्या धबधब्यावर एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले व मृत्युमुखी पडले. मृतांत लहान मुलांचा समावेश होता. प्रवाहाच्या मध्यावरील खडकावर असताना पाणी वाढले. कुटुंबातील माणसे एकमेकांना घट्ट धरून उभी राहिली, परंतु वाढत्या पाण्याने सर्वांचेच पाय सुटले. काठावर लोक होते, पण काही मीटरचे ते अंतर कोणालाही पार करता आले नाही. या घटनेची चित्रफीत देशभर पाहिली गेली. खारघर येथील पांडवकडा धबधब्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये महाविद्यालयीन विद्यार्थिनींचा गट असाच प्रवाहात सापडला होता व चार जणी वाहून गेल्या होत्या. तेथे त्या वेळीही प्रवेशबंदी लागू होती.

पाणी वाढण्याची चिन्हे

लोंढा येण्यापूर्वी बहुतेक वेळा काही खुणा दिसतात. नितळ पाणी मातकट होते, प्रवाहात पालापाचोळा, काटक्या व फेस येऊ लागतो, धबधब्याचा आवाज खोल व घुमणारा होतो आणि काठावरचे कोरडे दगड ओले दिसू लागतात. पोहोचताच पाण्याच्या कडेचा एखादा दगड खूण म्हणून हेरून ठेवण्याची आणि गटातील एकाने पाण्यात न उतरता त्यावर लक्ष ठेवण्याची पद्धत अनुभवी गिर्यारोहक पाळतात. यांपैकी कोणतीही खूण दिसल्यास सामान गोळा करण्यात वेळ न घालवता काठावर, आणि काठावरूनही वर उंच जागी जावे लागते. प्रवाहाच्या दिशेने खाली पळणे चुकीचे ठरते, कारण लोंढा माणसापेक्षा वेगाने येतो.

परतीचा ओढा हा प्रश्न मुक्कामाच्या जागेइतकाच महत्त्वाचा असून त्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी ओलांडता येण्याजोगा राहत नाही आणि गट पलीकडे अडकतो. अशा वेळी थांबून राहणे हाच सुरक्षित उपाय असतो. पाऊस थांबल्यावर लहान ओढे जसे झपाट्याने चढतात तसेच काही तासांत उतरतात. अंधार पडेल, शेवटची लोकल चुकेल, घरचे रागावतील या विचारांनी ओढ्यात उतरलेले लोक बुडाल्याची उदाहरणे आहेत, थांबलेले गट मात्र उशिरा का होईना परत आले आहेत. कोरडा खाऊ, विजेरी व एक जादा कपड्यांचा जोड प्लास्टिकच्या पिशवीत बांधून नेण्याचे प्रयोजन हेच.

प्रमुख ठिकाणे

येऊर: बाळकुमपासून सर्वांत जवळचे डोंगर. हा भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात मोडतो, त्यामुळे येथे वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ लागू आहे व वनविभागाच्या परवानगीशिवाय जंगलात शिरणे हा गुन्हा ठरतो. पावसाळ्यात ओहोळांकडे जाणाऱ्या वाटांवर पोलीस व वनरक्षकांचा बंदोबस्त असतो. बिबट्यांचा वावर असल्याने सायंकाळनंतर थांबणे धोक्याचे असते. हे डोंगर वारली आदी आदिवासी पाड्यांचे घर आहे. त्यांच्या शेतांतून वाटा पाडणे आणि ओहोळात बाटल्या टाकणे यावरून पर्यटकांशी खटके उडतात.

कोंडेश्वर: अंबरनाथ तालुक्यात, बदलापूर स्थानकापासून सात-आठ किलोमीटरवर. शिवमंदिराजवळ ओढ्याने कातळात लहान-मोठी कुंडे कोरली आहेत. धबधबा उंच नाही, त्यामुळे तो निरुपद्रवी वाटतो. प्रत्यक्षात कुंडांची खोली फसवी व कडा गुळगुळीत असल्याने येथे बुडण्याच्या घटना वारंवार घडल्या आहेत.

विहिगाव: कसाऱ्याहून खोडाळा-जव्हारकडे जाणाऱ्या रस्त्यालगत, शहापूर तालुक्यात. शंभर फुटांहून अधिक उंचीचा हा धबधबा 'अशोका' (२००१) या हिंदी चित्रपटातील चित्रीकरणामुळे 'अशोका धबधबा' या नावानेही ओळखला जातो. येथे दोराच्या साहाय्याने धबधब्यातून उतरण्याचे उपक्रम होतात.

भिवपुरी: कर्जत तालुक्यात, भिवपुरी रोड स्थानकापासून पायी जाता येण्याजोगा. रेल्वेने जाण्याची सोय असल्यामुळे सुट्टीच्या दिवशी येथे मोठी गर्दी होते, आणि गर्दीत पाण्याचा बदललेला आवाज ऐकू येत नाही.

कडे व वाटा

पाण्याखेरीज दुसरा धोका उंचीचा आहे. धबधब्याच्या माथ्यावरील कातळावर शेवाळाचा पातळ थर असतो व तो कोरडा दिसत असतानाही निसरडा असतो. कड्याच्या टोकावरील गवत अनेकदा कातळावर नव्हे तर अधांतरी मातीवर उगवलेले असते. जुलै २०२४ मध्ये रायगड जिल्ह्यातील माणगावजवळच्या कुंभे येथे चित्रीकरण करताना एक तरुणी सुमारे ३०० फूट खोल दरीत पडली. बचाव पथकाने तिला बाहेर काढले, परंतु तिचे प्राण वाचले नाहीत. धबधब्याच्या ऐन पायथ्याशी वरून दगड पडण्याची शक्यताही असते, विशेषतः पाणी वाढत असताना.

पायांत खोल खाचांचे बूट असावेत, चपला किंवा अनवाणी पाय नकोत. पायांवर जखम असताना साचलेल्या अथवा गढूळ पाण्यातून चालल्यास लेप्टोस्पायरोसिसची लागण होऊ शकते, म्हणून सहलीनंतर काही दिवसांत ताप आल्यास वैद्याला पाण्यात गेल्याचे सांगणे आवश्यक असते. मद्यप्राशनाचा उल्लेख प्रशासनाच्या आदेशांत वेगळा केलेला असतो, आणि तो अकारण नाही.

हवामानाचे इशारे

भारतीय हवामानशास्त्र विभाग जिल्हावार पिवळा, नारिंगी व लाल इशारा देतो. २४ तासांतील ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर पावसाला 'जोरदार', ११५.६ ते २०४.४ मिलिमीटरला 'अति जोरदार' म्हणतात. त्यापुढील पाऊस अतितीव्र गणला जातो. हे इशारे संपूर्ण जिल्ह्यासाठी असतात, एखाद्या ओढ्यासाठी नसतात. शिवाय ठाणे जिल्ह्यात खाडीकाठ व घाटमाथ्याचा पायथा हे दोन्ही येतात. बाळकुमच्या आकाशावरून शहापूरच्या डोंगरातील पावसाचा अंदाज बांधता येत नाही. नारिंगी किंवा लाल इशारा असताना धबधब्याकडे न जाणे हा सर्वमान्य संकेत आहे. इशारा नसला तरी आदल्या दिवशी घाटात किती पाऊस झाला हे पाहणे उपयुक्त ठरते.

प्रतिबंधात्मक आदेश व त्यांवरील वाद

ठाणे, रायगड व पुणे जिल्ह्यांत पावसाळ्यात धोकादायक धबधबे व धरणांच्या परिसरात जमावबंदीचे किंवा प्रवेशबंदीचे आदेश काढले जातात. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघत. १ जुलै २०२४ पासून त्यांची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ ने घेतली. असा आदेश सामान्यतः दोन महिन्यांपेक्षा अधिक काळ लागू राहत नाही. त्यामुळे गेल्या वर्षी खुले असलेले ठिकाण यंदा बंद असू शकते व उलटही, आणि निघण्यापूर्वी चालू आदेश पाहणे गरजेचे ठरते.

सरसकट बंदीला गिर्यारोहण संस्थांचा व स्थानिकांचा विरोध असतो. धबधब्यांजवळील गावांत पावसाळ्याचे दोन-तीन महिने जेवण, वाहनतळ, वाटाड्याचे काम यांवर अनेक कुटुंबांची कमाई अवलंबून असते. बंदीमुळे पर्यटक थांबत नाहीत. ते आडवाटांनी, स्थानिक वाटाड्याविना जातात, आणि पाणी कधी चढते हे ठाऊक असलेला नेमका माणूस त्यांच्यासोबत नसतो. हा आक्षेप गांभीर्याने घेण्याजोगा आहे. दुसरीकडे, सुट्टीच्या दिवशी हजारोंच्या गर्दीवर मोजक्या पोलिसांनी लक्ष ठेवणे अशक्य असते, ही प्रशासनाची बाजूही खोटी नाही. राज्य शासनाच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार उपक्रमांच्या आयोजकांना पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करावी लागते. ही नोंदणी तपासण्याची सवय मात्र पर्यटकांत अद्याप रुजलेली नाही.

बचावकार्य

वाहून जाणाऱ्या व्यक्तीमागे पाण्यात उडी घेतल्याने बळींची संख्या वाढते. काठावरून दोर, ओढणी, लांब काठी किंवा रिकामा हवाबंद डबा फेकणे हा पहिला उपाय असतो. प्रवाहात सापडलेल्याने उभे राहण्याची धडपड न करता पाठीवर, पाय पुढे ठेवून वाहावे व तिरके काठाकडे सरकावे, कारण उभे राहताना पाय दगडांत अडकल्यास पाणी अंगावरून जाते. झाडांच्या अडकलेल्या फांद्यांपासून दूर राहावे.

मदतीसाठी ११२ हा आपत्कालीन क्रमांक आहे. दरीत भ्रमणध्वनीची रेंज बहुधा नसते, म्हणून एकाला उंच जागी किंवा जवळच्या पाड्यावर पाठवावे लागते. गावाचे नाव, ओढ्याची बाजू व अडकलेल्यांची संख्या सांगितल्यास पथकाचा वेळ वाचतो. ठाणे महापालिका हद्दीत बाळकुम येथील अग्निशमन केंद्र व ठाणे आपत्ती प्रतिसाद दल कार्यरत आहे. घाटभागात लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या स्वयंसेवी संस्थांची पथके दोर घेऊन उतरतात. ही पथके स्थानिक तरुणांची असतात व ती विनामूल्य काम करतात. सर्वांत आधी पोहोचतात ते बहुधा पाड्यावरचे लोकच.